थर्लोची दर्शनी बाजू

पीचट्री स्ट्रीटवरच्या बसथांब्याच्या काचेत लुव्हेनिया स्ट्रोझियरला आपली शाळा दिसली. आधी तिला वाटलं, एखाद्या बँकेची जाहिरात असेल. चार पांढरे खांब, त्यांच्यावर त्रिकोणी माथा, समोर मऊ हिरवळ आणि हिरवळीवर कुत्र्यामागे धावणारी सोनेरी केसांची बाई. मग खांबांच्या मागून डोकावणारं पाण्याच्या टाकीचं टोक तिने पाहिलं आणि तिच्या जिभेच्या मुळाशी एकदम खळीची चव आली. उकळत्या, कोंदट खळीची, कपड्यांना घालतात त्या. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘द थर्लो. इथे पिढ्यांनी घाम गाळला. आता तुम्ही निवांत व्हा.’ लुव्हेनिया मोठ्याने हसली. शेजारी उभा असलेला माणूस जरा सरकून उभा राहिला. म्हातारी काळी बाई, हातात लेटसची पिशवी, एकटीच हसते आहे. अटलांटात अशा बायकांपासून लोक हळूच सरकतात. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो आणखी थोडा सरकला. बस आली, दार उघडलं, मिटलं, बस गेली. ती तिथेच उभी होती. ‘निवांत व्हा.’ हे वाक्य कुणीतरी पगार घेऊन लिहिलं असेल, चार जणांनी त्यावर माना डोलावल्या असतील, आणि त्यांपैकी एकालाही आपण काय लिहिलंय ते कळलं नसेल. मूर्खपणाला चीड आणणारा एक निरागसपणा असतो. दुष्टपणा निदान आपलं काम ओळखून असतो.

तुच्छता ही लुव्हेनियाची जुनी सोबतीण होती. नवरा तिला लवकर सोडून गेला, गुडघे अलीकडे सोडून गेले, पण तुच्छतेने कधी दगा दिला नाही. शिकागोच्या ऑफिसात ती पहिली काळी बाई आर्किटेक्ट म्हणून लागली तेव्हा तिला खिडकीजवळचं टेबल मिळालं होतं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या गिऱ्हाइकांना ती दिसावी. तिने त्या टेबलावर बसून चांगल्या इमारती काढल्या आणि ज्यांनी ते टेबल दिलं त्यांना शेवटपर्यंत मनातून माफ केलं नाही. निवृत्त झाल्यावर ती दक्षिणेत परतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, माती ओढून घेऊन आली. तिला हसू यायचं. शिकागोची थंडी सोसवेना म्हणून ती आली होती. माती कसली ओढते! थर्लोची ती लाल चिकण माती तिने चांगली ओळखली होती. शाळेच्याच आवारातल्या खड्ड्यातून मुलं ती उपसायची, शाळेच्याच भट्टीत भाजायची आणि त्याच विटांनी स्वतःच्या शाळेच्या भिंती उभ्या करायची. या सगळ्याला वेळापत्रकात ‘वीटकाम’ म्हणत. लॅटिन नव्हतं, बीजगणित नव्हतं. काळ्या मुलांना बीजगणित शिकवलं तर शेतावर कोण राबणार, अशी काळजी राज्याच्या शिक्षणमंडळाला होती, आणि मंडळावरची माणसं ती काळजी सभेत उघड बोलून दाखवत. उत्तरेतल्या कुणा थर्लो नावाच्या, शर्टाच्या गुंड्या बनवणाऱ्या कारखानदाराने मरताना देणगी ठेवली, म्हणून शाळेला गुंड्यांच्या माणसाचं नाव. ज्या मुलामुलींच्या अंगरख्यांना धड गुंड्या नसत, त्यांच्या शाळेला!

संध्याकाळी टेरेल ओग्लट्रीचा फोन आला. टेरेल तिच्या हाताखाली शेवटी शेवटी शिकलेला तरुण आर्किटेक्ट. आता त्याची स्वतःची फर्म होती, डोक्यावर मागे टक्कल पडू लागलं होतं, तरी तिच्याशी बोलताना त्याचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा.

“मिस लुव्हेनिया, तुम्हाला बहुतेक कळलं असेल. थर्लोच्या इमारतीत फ्लॅट करायचं काम आमच्याकडे आहे.”

“कळलं. बसथांब्याने सांगितलं. तुझी मजल तिथवर गेली हे बसथांब्याकडून कळावं, छान वाटलं मला.”

“ती जाहिरात आमची नाही.”

“कुत्रा तरी तुमचा आहे का?”

तो बिचारा हसला. मग मुद्द्यावर आला. शनिवारी उद्घाटन होतं. शाळेचे जुने विद्यार्थी येणार होते, जे उरले होते ते. मालकांची इच्छा होती की थर्लोतून बाहेर पडलेल्या सगळ्यांत नामवंत व्यक्तीने दोन शब्द बोलावेत.

“टेरेल, मी तिथे आर्किटेक्ट झाले नाही. मी तिथे गोऱ्यांच्या चादरी धुतल्या.”

“म्हणूनच तर,” तो म्हणाला. आणि थोडं थांबून, “मिस आयडेला मॅप पण बोलणार आहेत.”

आयडेला म्हणजे थर्लोच्या धोबीखान्यातली लुव्हेनियाची जोडीदारीण. त्यांच्यात दर नाताळला एकेक कार्ड जायचं-यायचं आणि मधल्या सगळ्या वर्षांत दोनतीन अंत्ययात्रांत भेट झाली होती, तीही काळ्या टोप्यांच्या गर्दीत. आयडेला बोलणार. काय बोलणार ते लुव्हेनियाला न सांगता ठाऊक होतं, आणि ते ऐकायला ती त्या जागी असणार होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या खांबांसमोर उभं राहून खरं सांगणार होतं. तिच्या मनातल्या मनात आयडेलाचं भाषण तयार होऊ लागलं. लहान लहान वाक्यांचं, कोरडं, एकही अश्रू नसलेलं. रात्री झोपेपर्यंत तिने ते चारपाच वेळा सुधारलं.

ते खांब तिला पंधराव्या वर्षीच कळले होते. शाळेत पाऊल ठेवल्यावर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी तिने एका खांबावर बोटाच्या पेराने टकटक केलं होतं आणि आतून रिकामा आवाज आला होता. सुतारशाळेतल्या मुलांनी फळ्या वाकवून, पिंपासारख्या जोडून, वर पांढरा रंग देऊन ते बनवले होते. माथ्याचं सगळं वजन मागच्या विटांच्या भिंतीवर होतं. खांब काढले असते तरी एक कौल हललं नसतं. तिने हे मुख्याध्यापक डॉक्टर फिनिअस यार्बरो यांना विचारलं होतं. डॉक्टर ही पदवी त्यांना कुणीतरी भेट दिलेली होती. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, “मुली, पाहुणे रस्त्यावरून येतात. रस्त्यावरून काय दिसतं याला महत्त्व आहे.” बस, एवढंच तिचं वास्तुकलेचं पहिलं शिक्षण. पुढे आयुष्यभर तिला कुणी काही नवं सांगितलं नाही. आणि आवाराची रचना तर अशी, की नकाशा काढायची गरजच नव्हती. पुढे रस्त्याला तोंड करून थर्लो हॉल, गोऱ्यांनी बघण्यासाठी. मागे, वडांसारख्या फोफावलेल्या ओक झाडांच्या आड, धोबीखाना, स्वयंपाकघर, लोहारशाळा, गोऱ्यांनी वापरण्यासाठी. गावातल्या घरांचे आणि हॉटेलचे कपडे गाड्या भरभरून मागच्या फाटकातून यायचे. या दोहोंच्या मधे जी जागा उरली, तिला वसतिगृह म्हणत. तिथे मुली राहायच्या. धोबीखान्याला गृहशास्त्र म्हणत. पहाटे उठून गृहशास्त्र, जेवून गृहशास्त्र, आणि हॉटेलात लग्न असलं की जेवणाआधीही गृहशास्त्र. इस्त्रीच्या यंत्राचे दोन तापलेले रूळ एकमेकांवर फिरत, मधून ओली चादर सरकवायची, पलीकडून कडक आणि कोरडी निघे. एका बाजूला आयडेला, दुसऱ्या बाजूला लुव्हेनिया. रुळांपुढे हात जाऊ नये म्हणून एक लोखंडी पट्टी होती. पट्टीमुळे काम सावकाश होतं म्हणून ती एका घाईच्या आठवड्यात काढली, आणि मग परत कुणी लावली नाही. एके दिवशी लुव्हेनिया चादरीचं टोक येण्याची वाट पाहत होती. चादर आली नाही. पलीकडून जो चिरका आवाज आला तो आयडेलाचा आहे हे तिला आधी कळलंच नाही, कारण आयडेला चर्चमध्ये सगळ्यांत खालच्या पट्टीत गाणारी मुलगी होती.

त्या अपघाताला आठवडा होत नाही तोच राज्याची समिती शाळा पाहायला आली. मुली पांढरे, खळ घातलेले एप्रन बांधून खांबांसमोर पायऱ्यांवर उभ्या. आयडेला त्यांत नव्हती. तिला वसतिगृहात दडवलं होतं. डॉक्टर यार्बरो हात, हृदय आणि मेंदू यांवर बोलले, हात हा शब्द त्यांनी पुन्हापुन्हा वापरला, आणि समितीतल्या एका सुटाबुटातल्या माणसाने जांभई दिली. त्या जांभईकडे पाहताना लुव्हेनियाच्या मनात काहीतरी गार आणि टणक होऊन बसलं. पंधरवड्यात ती बसने शिकागोला मावशीकडे निघून गेली. तेव्हापासून ते गार टणक काहीतरी तिच्याबरोबरच होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याच जोरावर ती उभी राहिली होती.

शनिवारी टेरेल तिला गाडीतून घेऊन गेला. रस्ताभर तो मूळ खिडक्या कशा वाचवल्या, विटांचे सांधे चुन्याने कसे भरले, हे सांगत होता. ती पीचच्या बागा पाहत होती. “खांब लाकडी होते, सडले होते,” तो म्हणाला. “फायबरचे केले. बाहेरून फरक कळत नाही.”

“काही पेलतात का?”

“नाही, मिस लुव्हेनिया. अजूनही नाही.”

“मग परंपरा जपलीत म्हणायची.”

थर्लो हॉलसमोर तंबू ठोकला होता. गोड चहाचे पेले, चीजचे त्रिकोणी सँडविच, पीचचं गरम पुडिंग, त्यावर वितळणारं आइस्क्रीम. जुने विद्यार्थी म्हणजे आता बहुतेक काठ्या, वॉकर आणि टोप्या. ते खांबांना हात लावत होते, डोळे टिपत होते, एकमेकांना ‘सिस्टर’, ‘ब्रदर’ म्हणत मिठ्या मारत होते. लुव्हेनियाला त्यांची शिसारी आली. ज्या जागेने तुमच्या पाठी वाकवल्या तिच्या पायऱ्यांवर फोटो काढून घेता! टेरेलने तिला मागे नेऊन धोबीखाना दाखवला. तिथे व्यायामशाळा झाली होती. रुळांच्या जागी पळण्याची यंत्रं ओळीने उभी, प्रत्येकासमोर आरसा. ज्या फरशीवर मुलींचा घाम फुकट गळला तिथे आता लोक पैसे भरून घाम गाळणार होते. बसथांब्यावरचं ते वाक्य लिहिणारा निदान प्रामाणिक होता, असं तिच्या मनात आलं, आणि तिला फार बरं वाटलं. मनात एखादं धारदार वाक्य तयार झालं की तिला नेहमीच बरं वाटायचं.

आयडेला तंबूत पहिल्या रांगेत होती. जांभळी टोपी, जांभळा झगा, ऐसपैस देह. उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढंच. त्या दोनांच्या चिमट्यात कागदी बशी अशी सहज तोललेली, की पाहणाऱ्याला काही उणं आहे हे उशिरा कळावं.

“व्हीनी! ये, ये. अगं, किती वाळलीस! शिकागोत काही खायला घालत नाहीत वाटतं.”

“मी अटलांटात असते आता, आयडेला. किती वर्षं झाली.”

“मग तर लाजच आहे. दोन तासांवर राहतेस आणि ही अशी.” आयडेलाने आपल्या बशीतलं अर्धं पुडिंग तिच्यासमोर सरकवलं. “खा. गार झाल्यावर मजा नाही.”

“तू बोलणार आहेस ना?”

“बोलेन की. बोलायला माझ्या जिभेला कोण अडवतंय?”

आयडेला बोलली. माइकसमोर उभी राहून तिने सांगितलं की थर्लोत आल्यावर ती आयुष्यात प्रथम एकटीच्या पलंगावर झोपली. घरी तिघी बहिणी एका गादीवर, आणि ती मधली. इथे ती पहिल्या रात्री पलंगावर हातपाय पसरून पडली आणि तिला झोपच येईना, इतकी जागा. मग तिने गरम पाण्याबद्दल सांगितलं. नळ फिरवला की गरम पाणी. तिची आई मरेपर्यंत विहिरीचं पाणी चुलीवर तापवत राहिली. मग रविवारच्या गाण्याबद्दल. “आमचे आवाज वर छपरापर्यंत जायचे,” ती म्हणाली, “आणि तिथून आम्हालाच परत ऐकू यायचे. अजून येतात.” लोक रडत होते. बांधकाम कंपनीचा मालक, गुलाबी मानेचा, हलक्या निळ्या कोटातला माणूस, तोही डोळे पुसत होता. हाताबद्दल एक शब्द नाही. समितीबद्दल नाही. काढून ठेवलेल्या पट्टीबद्दल नाही. लुव्हेनिया ऐकत होती आणि तिच्या आत ते गार टणक काहीतरी वर चढत होतं. इतकी वर्षं ही बाई कोपऱ्यात काय राखून बसली होती, तर गरम पाणी! गुलामाला साखळी आवडावी तसं हिला हे आवडतं. आपण हिच्यासाठी रात्री भाषण सुधारत बसलो. आपल्याच मूर्खपणाचीही तिला तितकीच चीड आली.

मग तिचं नाव पुकारलं. ती उठली. आभार मानले नाहीत. आयडेलासाठी घोटूनघोटून सुधारलेली ती लहान, कोरडी वाक्यं आपोआप तिच्या तोंडून येऊ लागली. खांब पोकळ होते, ती म्हणाली, आजही पोकळ आहेत. मागच्या व्यायामशाळेत दोन रूळ होते. लग्नाच्या चादरींची घाई होती म्हणून संरक्षक पट्टी काढली होती. एका मुलीची तीन बोटं त्या रुळांत गेली आणि पाहुणे आले त्या दिवशी तिला वसतिगृहात दडवून ठेवलं. ती मुलगी इथे पहिल्या रांगेत बसली आहे. “निवांत व्हा,” असं म्हणून ती खाली बसली.

लुव्हेनियाला वाटलं, आता हे खांब खरोखर पडले तरी चालतील. मग तो गुलाबी मानेचा मालक उठून तिच्याकडे आला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे अजून ओले होते.

“किती ताकद आहे यात,” तो म्हणाला. “मॅडम, हे लोकांना कळलंच पाहिजे. आम्ही व्यायामशाळेच्या दाराशी एक फलक लावू. छोटासाच मजकूर, पण मनाला भिडणारा. तुम्ही लिहाल का? की मिस मॅप यांचा फोटो घालू, हाताचा?”

लुव्हेनियाचं सगळं विष त्या माणसाने आइस्क्रीमसारखं चमच्याने खाल्लं होतं, आणि वर आणखी मागत होता. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. आयडेलाची खुर्ची रिकामी होती.

ती धोबीखान्याच्या मागे सापडली. कोळशाच्या कोठीजवळच्या बसक्या भिंतीवर बसली होती. टोपी काढून शेजारी ठेवली होती, विरळ पांढरे केस घामाने डोक्याला चिकटले होते. लुव्हेनिया जवळ गेली तरी तिने मान वर केली नाही.

“आयडेला, त्या माणसाचं मनावर घेऊ नकोस. मूर्ख आहे तो.”

“त्या माणसाचं काय घेऊन बसलीस? तो बापडा दुकानदार आहे, तो दुकानदारासारखं वागला. तू कोण माझा हात सगळ्यांपुढे वाढणारी?”

“कुणीतरी सांगायला नको का?”

“कुणीतरी म्हणजे तू. मला विचारलंस? भेटल्यापासून माझ्या हाताकडे पाहत होतीस. दिसत होतं मला. पण विचारलं नाहीस. आणि चूक सांगितलंस, वर.”

“काय चूक सांगितलं?”

“मला कुणी दडवलं नव्हतं.” आयडेलाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. “मी इथे बसले होते, या भिंतीवर. तुम्ही पुढे एप्रन बांधून उभ्या होतात ना, तेव्हा. यार्बरो पाहुण्यांना तिथे खांब बघत सोडून मागे आले. एकटेच. माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, माफी मागतील. ते म्हणाले, ‘मिस मॅप, सोमवारपासून डाव्या हाताने लिहायला लागा.’ मग मी थुंकले त्यांच्यावर.”

“थुंकलीस?”

“कोटावर. इथे.” तिने छातीवर जागा दाखवली. “पाहुण्यांसाठी काढलेला चांगला कोट होता. त्यांनी रुमाल काढला, पुसलं, रुमालाची घडी घालून खिशात ठेवला आणि भाषण करायला परत गेले. आणि सोमवारी मला शिवणाच्या वर्गात बसवलं. या जिल्ह्यातल्या निम्म्या नवऱ्या मुलींचे झगे मी शिवलेत, व्हीनी, गोऱ्यांच्यासुद्धा. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. यार्बरोला म्हणते मी. मेल्यावर त्यांच्या थडग्यावर गेले होते, तेव्हाही नाही केलं. आणि ते गरम पाणीसुद्धा मी विसरलेले नाही. दोन्ही माझं आहे. तू पंधरा दिवसांत निघून गेलीस, आणि त्यातलं तुला पाहिजे होतं तेवढं घेऊन गेलीस.”

पुढच्या बाजूने टाळ्यांचा आवाज आला. कुणीतरी फीत कापली असावी. त्या दिवशी लुव्हेनिया पायऱ्यांवर उभी होती, जांभई देणाऱ्या माणसाकडे पाहत, स्वतःला त्या सगळ्या आवारात एकटीच शहाणी समजत, आणि त्याच वेळी ही इथे मागे, ताज्या जखमेनिशी, एका माणसाच्या चांगल्या कोटावर थुंकत होती. आपल्या तुच्छतेने आयुष्यभर कुणाच्या कोटाला डागसुद्धा पडला नव्हता. हे वाक्यही तयार होऊन मनात आलं आणि या वेळी तिला बरं वाटलं नाही. ती भिंतीवर बसली, मधे टोपीची जागा सोडून. गुडघे कुरकुरले. मग तिला दिसलं की आयडेला डाव्या हाताने उजवा हात चोळते आहे, न बघता, सवयीने, जिथे बोटं संपतात तिथे.

“दुखतं का गं अजून?” तिने विचारलं.

आयडेलाचा हात थांबला. चेष्टा तर नाही ना, हे पाहत असावी.

“थंडीत,” ती म्हणाली. “आहेत ती दोन नाही दुखत. नाहीत ती दुखतात. मधलं तर असं ठणकतं, की उठून दिवा लावून बघावंसं वाटतं.”

“आणि मग?”

“मग काय, बघते. जागेवर नसतं.” आयडेला किंचित हसली, आणि मग तिने टोपी उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि सांगायला लागली. जिल्ह्याच्या इस्पितळात काळ्यांचा वॉर्ड तळघरात होता, तिथून. आई तिला पाहायला शेतातून चालत आली आणि हाताकडे न बघता तिचे केसच विंचरत बसली, ते. लुव्हेनियाच्या मनात दोनतीनदा शेरा आला, चांगला धारदार, तळघराबद्दल, राज्याबद्दल. तिने तो गिळला. ओठ हलू नयेत म्हणून दातांत धरला. कोपऱ्यावरून टेरेल तिला शोधत आला, घड्याळाकडे बोट दाखवू लागला. तिने त्याच्याकडे न पाहताच हात वर करून त्याला थांबवलं, आणि आयडेला आठवण्यासाठी थांबली तेव्हा हळूच म्हणाली,

“आणि मग?”